इंग्लंडच्या परीक्षेतला वाचणारा संगणक आणि आपल्या मराठी नोट्स

इंग्लंडमध्ये आपल्या दहावीच्या तोडीची परीक्षा म्हणजे जीसीएसई. वाचन अवघड जाणाऱ्या मुलाला तिथे पेपर वाचून दाखवणारा माणूस मिळतो, पण इंग्रजीच्या पेपरात वाचनाची परीक्षा घेणाऱ्या भागात त्या माणसाला उतारा वाचून दाखवता येत नाही. संगणकाला मात्र परवानगी आहे. कुठे थांबायचं, कोणतं वाक्य पुन्हा ऐकायचं हे मूल स्वतः ठरवतं, त्यामुळे ते स्वतंत्रपणे वाचलं असं धरलं जातं.

गोव्यातल्या पालकांना आणि शिक्षकांना तिथला आणखी एक नियम सांगावासा वाटतो. परीक्षेत मागितलेली सोय ही त्या मुलाची वर्गातली नेहमीची पद्धत असावी लागते. लॅपटॉपवर लिहायचं असेल, तर वर्षभर वर्गात आणि चाचण्यांत लॅपटॉपच वापरलेला हवा. हे पाहायला शाळेत एक शिक्षक नेमलेला असतो. तंत्रज्ञानाने शिक्षणाचं दार खरंच उघडतं का, याचं उत्तर आम्हाला या सवयीत दिसतं. यंत्र वाटण्याचा समारंभ एका दिवसात उरकतो, सवय लागायला वर्ष जातं.

वेळेच्या बाबतीत भारताचा नियम उलट अधिक उदार आहे. इंग्लंडमध्ये सहसा २५ टक्के जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपराला ४५ मिनिटं. आपल्याकडे २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकास पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे त्याच पेपराला पूर्ण तास दिला. संगणक किंवा ब्रेलमधून परीक्षा देण्याचा पर्यायही त्यात होता. मग अडतं कुठे? मराठी मजकुरात.

एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजांच्या संचात मराठी आवाज आहे. आवाज यांत्रिक वाटतो, म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवावा. कान रुळला की मुलं आपणहून वाढवतात. पण शाळेच्या नोट्स युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर हा आवाज काहीही बरळतो. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘क’ दिसला तरी फाइलच्या आत रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. ओळखायची खूण सोपी: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड, अगम्य चिन्हं आली तर जुना फॉन्ट. मग फाइल जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा, कारण बिघडतात ती तिथेच.

युनिकोड असूनही पीडीएफ दगा देते. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, साठवली जाते नंतर. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना हा क्रम बऱ्याचदा उलटतो. म्हणून पीडीएफसोबत वर्डची मूळ फाइलही द्यावी. तिच्यात धड्याचं नाव नुसतं ठळक न करता ‘हेडिंग’ शैलीत ठेवावं, म्हणजे एनव्हीडीएमध्ये वाचन मोडात ‘एच’ दाबून मूल थेट पुढच्या भागावर जातं. आकृतीला दोन वाक्यांचं वर्णन जोडावं. ‘हृदयाची आकृती’ एवढं लिहून भागत नाही. रक्त कुठून येतं आणि कुठे जातं ते सांगावं.

छापील पुस्तक असेल तर पान सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. एका स्तंभातला स्वच्छ मजकूर बऱ्यापैकी उतरतो. दोन स्तंभ, तक्ते आणि हस्ताक्षर यांत गोंधळ होतो, अनुस्वार गळतात. शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाने एकदा वाचल्याशिवाय ती फाइल मुलाच्या हाती देऊ नये.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी बोलणं लिहून दाखवणारी ॲप आहेत, पण गोव्याच्या वर्गात त्यांची कसोटी लागते. पुस्तक मराठी, समजावणं कोकणीत, संज्ञा इंग्रजी. मराठीवर लावलेलं ॲप कोकणी वाक्यांची मोडतोड करतं. वर पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस. फोन मागच्या बाकावर ठेवला तर हाती काहीच लागत नाही. शिक्षकांच्या शर्टाला छोटा माइक लावला तर फरक पडतो, आणि मुख्य मुद्दे फळ्यावर लिहिण्याला पर्याय नाहीच.

मजकुराच्या आणि ध्वनीच्या फाइलचा उपयोग सत्तरी, सांगे, काणकोणच्या नेटवर्क नसलेल्या वाड्यांवरही होतो. २०२० मध्ये तिथल्या मुलांनी ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढले. व्हिडिओला तासाला शेकडो एमबी लागतात. तोच तास ३२ केबीपीएसच्या ध्वनीत साधारण १४ एमबीत बसतो, आणि नुसत्या मजकुराचा धडा काही केबीत. शाळेतच तो फोनवर उतरवून घेतला की घरी रेंज नसली, वीज गेली, तरी ऐकता येतो.

पालकांनी शाळेकडे हे सारं वर्ष सुरू होतानाच लेखी मागावं: मुलाला वर्गात कोणतं साधन वापरू देणार, नोट्स कोणत्या स्वरूपात मिळणार, घटक चाचणी त्याच साधनावर होणार का. पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी त्याच संगणकावर हेडफोन लावून मराठी आवाज येतो का, ते मुलालाच तपासू द्यावं.