तुम्ही विचारलंत म्हणून : सगळ्यांनाच होते, मग तपासायचे कशाला?

रक्तदाब किंवा साखर तपासायला आलेले पन्नाशी-साठीचे पुरुष मला एक प्रश्न नेहमी विचारतात, आणि तोही बहुतेक वेळा निघता निघता, दारापाशी थबकून : “डॉक्टर, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, पण या वयात हे सगळ्यांनाच होते ना?” कधी कधी पत्नीच विषय काढतात, आणि नवरा शेजारी बसून हातातल्या फायलीची दोरी सोडतो-बांधतो.

होय, बहुतेकांना होते. मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. वय वाढते तशी पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाखाली ती हळूहळू वाढत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांत ही वाढ आढळते. त्या सर्वांना त्रास होतोच असे नाही. ग्रंथीचा आकार आणि त्रासाची तीव्रता यांचे गणित सरळ नसते, त्यामुळे सोनोग्राफीच्या अहवालातला आकडा वाचून कोणी घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये.

मला काळजी वाटते ती प्रश्नातल्या ‘सगळ्यांनाच’ या सबबीची. या सबबीखाली माणूस वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि त्रासाशी जुळवून घेत जातो. तो संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळतो, प्रवासाला निघण्यापूर्वी दोनदा जाऊन येतो, सभागृहात दाराजवळची खुर्ची धरतो आणि सार्वजनिक मुतारीत शेजारी दोघे येऊन गेले तरी धार सुरू होण्याची वाट पाहत उभा राहतो. हे सारे इतक्या सावकाश अंगवळणी पडते की, त्रास आहे का असे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. दरम्यान अरुंद झालेल्या मार्गातून लघवी ढकलण्यासाठी मूत्राशयाचा स्नायू जास्त जोर लावत असतो. तो आधी जाड होतो, पुढे थकतो, आणि मग प्रत्येक वेळी थोडी लघवी आत शिल्लक राहू लागते. त्यातून जंतुसंसर्ग आणि मूतखडे उद्भवतात, काहींच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि हे शेवटचे नुकसान बऱ्याचदा मुळीच न दुखता होत राहते.

न बोलण्यामागे दुसरी भीती असते ती कर्करोगाची. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये. गुदद्वारातून बोटाने केली जाणारी प्रोस्टेटची तपासणी, जिच्या संकोचापायी अनेकजण येतच नाहीत, एका मिनिटाच्या आत आटोपते.

त्रास मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गुण ० ते ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, विसापासून पुढे तीव्र. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो : उरलेले आयुष्य लघवीच्या आजच्या स्थितीतच काढावे लागले, तर तुम्हाला कसे वाटेल? माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, कारण बारा गुण मिळालेला एकजण सुखात असतो आणि तितक्याच गुणांचा दुसरा झोपमोडीने पार खचलेला असतो. पहिल्याला बहुधा केवळ अधूनमधून तपासणी पुरते. दुसऱ्याला उपचार द्यायला हवेत.

शिवाय रात्री उठावे लागण्याचे कारण प्रत्येक वेळी प्रोस्टेटच असते असे नाही. मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडखळणे किंवा लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणे, यांपैकी काहीही असू शकते. ‘वयोमानाने’ असे म्हणून विषय मिटवला, तर हे आजारही तपासल्यावाचून राहून जातात.

उपचार आज चांगले आहेत. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी मार्गातला स्नायू सैल पडून काही दिवसांतच आराम वाटू लागतो. त्या घेणाऱ्यांनी उठताना चक्कर येत असल्यास सांगावे आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांना कल्पना द्यावी. फिनास्टेराइडने ग्रंथी आक्रसते, पण त्यासाठी सुमारे सहा महिने धीर धरावा लागतो. या औषधाने रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे, कर्करोगाची शंका तपासताना मोजले जाणारे प्रथिन) निम्म्यावर येते, म्हणून तो अहवाल पाहणाऱ्या डॉक्टरांना ते चालू असल्याचे ठाऊक असलेच पाहिजे. गोळ्यांनी भागले नाही, तर दुर्बिणीद्वारे किंवा लेझरने शस्त्रक्रिया करता येते.

एका बाबतीत मात्र भेटीच्या वेळेची वाट पाहू नये. सर्दीवरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः स्यूडोएफेड्रिन असलेल्या, आधीच अरुंद असलेला मार्ग आवळला जातो आणि लघवी अचानक पूर्ण तुंबते. ओटीपोट फुगते, कळा असह्य होतात आणि थेंबही उतरत नाही. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; तिथे नळी घालून मूत्राशय रिकामे करतात. लघवीतून रक्त गेले, किंवा थंडी वाजून ताप आणि जळजळ सुरू झाली, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.