थिनरने पुसलेला चष्मा

पोलिसांना दिलेला संरक्षक चष्मा परत आला की आमच्या सेल्सवाल्यांच्या पोटात गोळा येतो. परवा जो आला त्याची काच (पॉलिकार्बोनेट म्हणजे चिवट प्लास्टिकची असली तरी आम्ही काचच म्हणतो) नाकाजवळ तडकली होती. सरावात दगड लागला, एवढंच. डोळा थोडक्यात बचावला. त्यांचे भांडारप्रमुख स्वतःच आले होते: "तुमचा माल खोटा आहे."

त्याच लॉटमधले तीन नवे चष्मे काढले. धातूच्या डोक्यावर चष्मा, मागे ॲल्युमिनियमचा पातळ कागद, समोर नळी. अमेरिकी लष्कराच्या मापदंडाप्रमाणे ०.१५ इंच व्यासाची, अर्ध्या ग्रॅमहूनही हलकी गोळी सेकंदाला ६४० ते ६६० फूट वेगाने मारायची. काच तडकली किंवा कागदाला भोक पडलं की नापास. कारखान्यातल्या झेड ८७ प्लस (हा कामगारांच्या चष्म्यांचा अमेरिकी मापदंड) चष्म्याला पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला १५० फूट वेगानेच मारतात. ती जड असते, तरी हिशेब मांडला तर आमच्या गोळीचा मार सुमारे सातपट भरतो. निविदा काढणारे मात्र दोन्ही शिक्के एकाच रकान्यात टाकतात आणि स्वस्त असेल तो उचलतात. असो.

तिन्ही पास. काचेला खळगा, कागद शाबूत.

मग परत आलेली काच दिव्याखाली तिरकी धरली. फ्रेम जिथे आवळते त्या कडेला केसाहून बारीक भेगांचं जाळं.

"कशाने पुसता?"

"सरावाच्या रंगाचे डाग पाण्याने जात नाहीत. थिनरने लगेच जातात."

थिनर पॉलिकार्बोनेटला भेगा पाडतं, तेही जिथे काचेवर ताण असतो तिथेच आधी. मी तसं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगायचं?"

पत्रक असतं की, प्रत्येक खोक्यात! पण खोकी भांडारात राहतात आणि माणसांच्या हाती पडतो सुटा चष्मा. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

अहवालात 'वापरातील चूक' लिहिलं. ती आहेच. सेल्सवाल्यांनी तासाभरात त्याच्या प्रती काढल्या. भांडारप्रमुखांनी जाताना वहीत 'साबण, पाणी, मऊ कापड' असं टिपून घेतलं आणि विचारलं, "दांडीवर छापता येणार नाही का हो?"

दांडीच्या आतल्या बाजूला जागा आहे, चार सेंटिमीटर. मोजली मी, ते गेल्यावर.