यूटाचं पाणी आणि ट्रेलरचा हीटर

अमेरिकेतल्या दक्षिण यूटात ऑक्टोबर फार देखणा असतो. दुपारी साधा सुती शर्ट पुरतो आणि सूर्य कड्याआड गेला की तासाभरात स्वेटर, टोपी, मोजे सगळं बाहेर येतं. मोआब, तिथून कॅपिटल रीफ, मग हायवे १२ धरून ब्राइस कॅन्यन असा आमचा रस्ता होता. गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, आणि मुक्कामाला आम्ही दोघं, आमची मुलगी आणि सोलापूरहून आलेले माझे बाबा. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. कुठलंही यंत्र उघडं दिसलं की त्यांचे हात आपोआप पाठीमागून पुढे येतात.

ट्रेलर घेऊन फिरणाऱ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचे मला सगळ्यात जास्त फोन येतात ते गरम पाण्यासाठी. पाणी तापत नाही, पाण्याला वास येतो, बाहेरच्या बाजूनं थेंब गळतात. या एकाच प्रवासात यातलं बरंच काही आमच्या वाट्याला आलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

ट्रेलरमधला पाण्याचा हीटर आतून कधी दिसतच नाही. बाहेरच्या भिंतीत हातभर रुंदीचं पत्र्याचं दार असतं आणि त्यामागे टाकी. आमची सहा गॅलनची, म्हणजे जवळपास २३ लिटरची आहे. तिच्या पोटातून एक वाकडी नळी जाते, नळीच्या तोंडाशी प्रोपेनची ज्योत पेटते आणि तापलेला वायू नळीतून फिरून बाहेर पडतो. बाबांनी दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा तर आपला बंबच की!" अगदी तसाच. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. फक्त बंबफोडीऐवजी सिलिंडर, आणि वीज असेल तिथे १२० व्होल्टवर चालणारी १,४४० वॉटची कॉइल. थर्मोस्टॅट पाणी साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर आणून थांबतो. हे पाणी अंग भाजेल इतकं गरम असतं, त्यामुळे लहान मुलांच्या अंगावर घेताना थंड पाणी आधी सोडायचं.

मोआबबाहेरच्या ज्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर उभे करायच्या तळावर, उतरलो होतो तिथलं पाणी विहिरीचं होतं. दुसऱ्या दिवशी शॉवर उघडला आणि कुजलेल्या अंड्याचा वास आला. नवरा आधी सिलिंडर बंद करायला धावला, आणि ते बरोबरच होतं. प्रोपेनला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात, तेव्हा वासाची शंका आली की आधी गॅस बंद. गॅस बंद केल्यावर आम्ही दोन्ही नळ वेगवेगळे उघडून पाहिले. थंड पाण्याला वास नाही, गरम पाण्याला आहे. म्हणजे गॅसचा काही संबंध नव्हता, वास टाकीतून येत होता.

आमची टाकी पोलादाची आहे, आतून काचेसारखा लेप दिलेली. लेपात कुठे ना कुठे सूक्ष्म भेग असतेच आणि तिथून गंज धरतो. तो धरू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक लांब रॉड बसवलेला असतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू, त्यामुळे पाणी पोलादाला सोडून त्याला खातं. रॉड झिजतो, टाकी टिकते. पण पाण्यात सल्फेट असलं आणि टाकी काही दिवस न वापरता कोमट राहिली, की काही जिवाणू त्यात वाढतात आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. मॅग्नेशियमचा रॉड झिजताना जे हायड्रोजन सुटतं त्यावर हे जिवाणू पोसतात. वास त्या हायड्रोजन सल्फाइडचाच.

सकाळी टाकी उघडायचं ठरलं. वीज आणि गॅस आदल्या रात्रीच बंद केले होते. बाबा म्हणाले, "गार झाली का बघ हात लावून. गरम टाकी उघडायची नाही, आणि आधी प्रेशर सोड." बाहेरचं पाणी बंद केलं, आतला गरम नळ उघडा ठेवला, वरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेचा, दांडा उचलून उरलेला दाब सोडला. एवढं झाल्यावरच खालच्या नटाला पाना लावायचा. दाबाखालची गरम टाकी उघडली तर कढत पाणी सरळ अंगावर येतं, आणि त्या दाराशी आपण गुडघ्यावर बसलेले असतो.

रॉडचं डोकं एक पूर्णांक एक सोळांश इंचाच्या सॉकेटचं असतं. मीठ-क्षार धरून ते असं घट्ट बसतं की मनगटाच्या जोरानं हलत नाही.

"बाबा, तुम्ही बसा. मी करते."

"कर की. पान्याला पाईप लाव लांब, आणि झटका देऊ नको. सावकाश दाब."

पाईप लावल्यावर नट कुरकुरत सुटला. रॉड बाहेर आला तेव्हा त्याची मधली तार तेवढी दिसत होती, तिला चिकटलेले पांढरट खड्ड्याखड्ड्यांचे तुकडे, बस्स. तीन चतुर्थांश झिजला की रॉड बदलायचा असतो, हा त्याच्याही पुढे गेला होता. त्यामागोमाग टाकीतून पांढऱ्या चुऱ्याचं पाणी आलं. सोलापुरात बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जसा थर बसतो तोच हा क्षार. कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तापलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही, टाकीच्या तळाशी आणि कॉइलवर बसतं. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, ती स्वतःच तापून जळते आणि तळाशी पाणी तापताना गदगद आवाज येत राहतो.

टाकी धुवायला बागेच्या पाईपला लावायची एक वाकडी बारीक नळी मिळते. ती भोकातून आत घालून तळाचा कोपरान् कोपरा धुवायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत आम्ही धूत राहिलो, आणि मुलीनं त्या चुऱ्याचे खडे डब्यात गोळा केले. मग पंधरा गॅलन पाण्याला पाव कप या प्रमाणात साधं, बिनवासाचं ब्लीच गरम-थंड दोन्ही नळांतून फिरवलं, काही तास ठेवलं आणि भरपूर पाण्यानं काढून टाकलं. नवा रॉड घेताना मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम आणि जस्ताचा घेतला. अशा वासाच्या पाण्यात तो बरा चालतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, हातानं आटे लागू दिले, मग पाना. नवा रॉड पंधरा-वीस डॉलरचा येतो आणि गंजून भोक पडलेली टाकी दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावी लागते. म्हणून रॉड दर वर्षी काढून पाहा, असा माझा आग्रह आहे. वास जावा म्हणून रॉडच काढून नुसता प्लग लावण्याचा सल्लाही लोक देतात. पोलादाच्या टाकीत तसं अजिबात करू नका. काही हीटरांच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना रॉड लागतच नाही, प्लास्टिकचा प्लग असतो. आपली टाकी कुठली हे दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

टाकी पुन्हा भरताना गरम नळ उघडा ठेवायचा आणि त्यातून फुसफुस न होता सलग धार आली की मगच कॉइलचा खटका दाबायचा. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.

मोआबहून निघून आय-७० आणि मग हायवे २४ नं आम्ही कॅपिटल रीफला पोचलो. जवळपास १६० किलोमीटर लांबीची ही जमिनीची घडी, आणि तिच्या पोटात फ्रूटा नावाचं हिरवं गाव. १८८० च्या दशकात मॉर्मन पंथाच्या कुटुंबांनी फ्रेमाँट नदीच्या काठी इथे फळबागा लावल्या, त्या आजही राष्ट्रीय उद्यान सांभाळतं. हंगामात बागेत उभं राहून फळ खायला पैसे पडत नाहीत, घरी न्यायचं तर तोलून द्यायचे. आम्ही सफरचंदं खाल्ली, गिफर्ड हाउस या जुन्या घरात मिळणारा फळांचा 'पाय' (भाजलेला गोड पदार्थ) खाल्ला, आणि बाबा बागेच्या कालव्याचे पाट बघत बसले. कड्यावर इथल्या प्राचीन फ्रेमाँट लोकांनी कोरलेली चित्रं आहेत, तीही पाहिली.

फ्रूटाच्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी नाही, म्हणून हीटर गॅसवर. संध्याकाळी खटका दाबला. टक-टक-टक, मग शांतता. पुन्हा टक-टक-टक. तिसऱ्या वेळेनंतर लाल दिवा. हीटरचा बोर्ड बॅटरीच्या बारा व्होल्टवर गॅसची झडप उघडतो, ठिणगी पाडतो, ज्योत लागली का हे ठिणगी पाडणाऱ्या टोकावरूनच, म्हणजे इलेक्ट्रोडवरूनच तपासतो आणि नाही लागली तर झडप बंद करून टाकतो. ही सुरक्षा फार चांगली आहे, तिला चुकवायचा प्रयत्न करू नये. आधी शेगडी पेटवून पाहिली. ती नीट पेटली, म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस होता आणि नळीतली हवाही निघाली. पुन्हा खटका दाबल्यावर क्षणभर पिवळी, लोंबणारी ज्योत दिसली आणि विझली.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. गॅस बंद करून, हीटर गार होऊ देऊन बर्नरची नळी टॉर्चनं पाहिली तर आत कोळ्याचं जाळं, दाट, कापसासारखं. कोळी या नळ्यांत हमखास घर करतात. शेजारच्या ट्रेलरमधले वयस्कर गृहस्थ आमची धडपड पाहून बाटल्या धुवायचा लांब ब्रश घेऊन आले आणि टॉर्च धरून उभेच राहिले. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, त्या गृहस्थांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण दोघांचं बोटांनी छान जमलं. नळी साफ केली, इलेक्ट्रोडवरची काजळी पुसली, त्याचं टोक आणि बर्नर यांत तीनेक मिलिमीटर फट ठेवली. मग ज्योत लागली ती निळी, घोंघावणारी. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जाळीवर काजळी नाही ना, हेही पाहिलं. काजळी म्हणजे अर्धवट जळलेला गॅस, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. ट्रेलरमधला त्याचा अलार्म चालू आहे की नाही हे दर प्रवासाआधी बटण दाबून तपासाच.

टॉरीवरून हायवे १२ वळतो आणि बोल्डर माउंटनवर जवळपास २,९०० मीटरपर्यंत चढतो. अस्पेनची पानं पिवळीधमक झाली होती. पुढे बोल्डर आणि एस्कलांटे या गावांमध्ये रस्ता एका निमुळत्या धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना दरी. ट्रेलर ओढत तिथून जाताना गाडीत कोणी बोललं नाही.

ब्राइसजवळ पुन्हा हुकअपची, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा घेतली. तिथे हीटरच्या दाराखाली थेंब गळू लागले. हा बिघाड नव्हता. पाणी तापून फुगतं, २३ लिटरमागे साधारण पाव लिटरहून अधिक, आणि त्या फुगण्याला जागा म्हणून टाकीच्या वरच्या भागात हवेचा कप्पा असतो. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपते, मग दाब वाढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडतो. हीटर बंद, पाणी गार, बाहेरचं पाणी बंद, एक गरम नळ उघडा, आणि व्हॉल्व्हचा दांडा उचलून पाणी थांबेपर्यंत धरायचा. हवा परत आत जाते. एवढं करूनही गळत राहिला तर मात्र व्हॉल्व्ह बदलायचा. तिथे प्लग ठोकून गळती थांबवणं जिवावर बेतू शकतं.

सनसेट पॉइंटवरून खाली नवाहो लूपला उतरलो तेव्हा मुलीनं डब्यातले खडे आठवून विचारलं, "हा पण तोच दगड का?" तिचं बरोबर होतं. ब्राइसचे ते केशरी सुळके बहुतांशी चुनखडकाचे आहेत. आधीच किंचित आम्ल असलेलं पावसाचं पाणी हा चुना विरघळवतं. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि खडक फोडतं. या उंचीवर वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं चालतं. टाकीत चुना बसवणारं आणि हिवाळ्यात टाकी फोडणारं पाणी ते हेच.

म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी, रात्री पारा शून्याखाली जाणार असं कळताच, आम्ही टाकी पूर्ण रिकामी केली. ट्रेलरच्या आत हीटरमागे बायपासचे व्हॉल्व्ह असतात, ते फिरवले की पाणी टाकी सोडून जातं. घरी पोचल्यावर हिवाळ्यासाठी नळ्यांत न गोठणारं गुलाबी द्रव, म्हणजे अँटिफ्रीझ, भरायचं तेही बायपास करूनच, नाहीतर सहा गॅलन उगीच टाकीत जातं. आणि वसंतात हेच व्हॉल्व्ह परत फिरवायचे. अर्धवट फिरवलेला बायपास थंड पाणी गरमात मिसळत राहतो आणि हीटर ठणठणीत असूनही शॉवर कोमटच येतो. ओळखीच्यांचे एप्रिल-मेमध्ये जे फोन येतात त्यांतले पुष्कळसे इथेच मिटतात, तेव्हा हीटर उघडायच्या आधी हे व्हॉल्व्ह पाहा.