डोकं कापलेला स्पोक

दुकानात ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका हल्ली माप द्यायच्या आधी सायकलचं विचारतात. कुठली घेतलीस, कितीला पडली, आम्हाला जमेल का. किंमत सांगितली की विषय बदलतो. पण गेल्या महिन्यात दोघीजणी खरंच घ्यायला निघाल्या. त्यांना दर फिटिंगला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

मी कराडची. बावन्न पूर्ण झाली. सायकलवर सामान लादून लांब जायला लागले त्याला आठ वर्षं झाली. लांब म्हणजे लडाख वगैरे नाही. कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणवरून गुहागर, धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे दाभोळला उतरायचं. पुढे दापोली, केळशी, सवड असली तर वेसवीवरून बागमांडल्यापर्यंत. कोकणात सपाट रस्ता लागतो तो फक्त फेरीबोटीवर. बाकी सगळं खाडीपाशी उतरायचं आणि पलीकडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढायचं.

म्हणून पहिली गोष्ट गिअर. दुकानदार मला पायडलजवळचं पुढचं मोठं दातेरी चाक कौतुकाने दाखवत होता, ४८ दातांचं. मी म्हटलं, लहान दाखवा. पुढचं लहानात लहान २६ किंवा २८ दातांचं आणि मागचं मोठ्यात मोठं ३४ दातांचं असेल, तर पायडलची पूर्ण एक फेरी झाली तरी मागचं चाक पूर्ण फिरत नाही. चढाला तेच पाहिजे. वेग चालण्याएवढा पडतो, पडू दे. परत येताना कुंभार्ली चढायचा असतो, तेव्हा ४८ दात काय चाटायचेत?

दुसरी गोष्ट माझी मीच ठरवलेली: तालुक्यातल्या फाट्यावरचा माणूस जे दुरुस्त करू शकत नाही, ते घ्यायचं नाही. त्यामुळे ब्रेक केबलचे, तेलावर चालणारे नाहीत. ते धरायला लोण्यासारखे असतात हे खरं, पण त्यात हवा शिरली तर केळशीत काय करणार? ट्यूबचा वॉल मोटरसायकलसारखा जाड. बारीक वॉलच्या ट्यूबला पेट्रोलपंपावरच्या नळीने हवा भरता येत नाही, मध्ये पितळी टोपण लावावं लागतं आणि ते टोपण ऐन वेळी पर्सच्या तळाला असतं. टायर ३८ मिलिमीटर रुंदीचा. बारीक टायरवर सायकल पळते छान, पण जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर तीच सायकल दात वाजवते.

आता पिशव्या, म्हणजे माझा विषय.

जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीब नावाचा माणूस आहे. तरुणपणी इंग्लंडात सायकलवर फिरताना पावसात त्याचं सगळं सामान भिजलं. तेवढ्यात शेजारून ट्रक गेला आणि ट्रकवरची ताडपत्री बघून त्याला सुचलं की पिशवी याची पाहिजे. घरी जाऊन त्याने आईच्या शिलाई मशिनवर पिशवी शिवली आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. आज त्या पिशव्या जगभर फिरणाऱ्यांच्या सायकलींवर दिसतात. मी हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवाल्याकडे गेले.

ट्रकची पीव्हीसी ताडपत्री घरगुती मशिनला ओढत नाही, हे आधीच सांगते. चार पदर एकत्र आले की सुई मोडते. मी १८ नंबरची सुई, नायलॉनचा दोरा आणि लांब टाका घेतला. टाका बारीक घेतला तर कापड तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. आणि कितीही छान शिवलं तरी शिवण म्हणजे भोकांची रांग. पाणी तिथूनच येणार. ऑर्टलीबची कंपनी शिवतच नाही, उष्णतेने जोडते. माझ्याकडे ती सोय नाही, म्हणून मी आत खताच्या पोत्यातली जाड प्लास्टिकची पिशवी घालते आणि तोंड तीन घड्या घालून दाबते. दाभोळच्या खाडीत पाऊस आडवा येतो, त्यातही टॉवेल कोरडा राहिला.

पिशवीचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापा. माझी पहिली जोडी सरळ चौकोनी होती आणि दर फेरीला टाच पिशवीवर आपटायची. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत डोकं उठलं. सामान लादायच्या सायकलींचा मागचा भाग मुद्दाम लांब ठेवतात तो याचसाठी, पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर. शर्यतीच्या सायकलीत तेच ४१ असतं.

कॅरिअरचे बोल्ट हलून हलून सुटतात. बोल्ट घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून फ्रेमवर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं बोल्ट फिरला. सकाळी चहाला पाणी ठेवलं की मी सायकलभोवती एक चक्कर मारते, नुसत्या लाल रेघा बघत. मुलगी म्हणते सायकलला टिकल्या लावल्यात.

चेनबद्दल माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी चेनला मशिनचं तेल घालायचे. घरात लिटरने असतं, आणि मशिन चालतं तर चेन का नाही! ते इतकं पातळ असतं की पहिल्याच पावसात धुऊन जातं आणि चेन चिमणीच्या पिल्लांसारखी ओरडायला लागते. चेनचंच तेल घ्या. एका एका रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवा, थोडं थांबा आणि मग बाहेरचं सगळं चिंधीने पुसून टाका. तेल आत पाहिजे, बाहेर नको. बाहेर राहिलं की कोकणातली लाल धूळ त्यात बसते आणि सँडपेपरचं काम करते.

चेन झिजली का ते पट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर यायला पाहिजे. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन बदला. इंचाचा आठवा भाग गेली तर बहुधा मागची दातांची चाकंही बदलायला लागतात आणि तो खर्च चांगलाच बसतो. मापाला स्टीलची पट्टी घ्या. शिंप्याची टेप वापरून ताणते, हे मी सांगतेय म्हणजे बघा.

पंक्चर काढायला सगळ्यांनाच येतं, म्हणजे ट्यूबला चिकटवता येतं. राहून जातो तो टायरमधला काटा. बाभळीचं टोक रबरात असं बसतं की बोटाला लागत नाही आणि दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. माझ्याकडे जॉर्जेटची एक चिंधी असते. टायरच्या आतून फिरवली की जिथे काटा तिथे ती अडकते. बोटही वाचतं.

कपड्यांचं एका वाक्यात: बसायच्या जागी शिवण येता कामा नये, बाकी काहीही घाला.

आणि आता स्पोक. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि माझी भाची, दाभोळहून दापोलीकडे चढत होतो. माझ्या मागच्या चाकातून टण्ण असा आवाज आला, तुणतुण्याची तार तुटावी तसा. चाक लगेच ब्रेकला घासायला लागलं. उजव्या बाजूचा, गिअरच्या चाकांकडचा स्पोक हबापाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वळतो तिथेच तुटला होता. तुटतात तेव्हा बहुधा तिथेच तुटतात. त्या बाजूच्या स्पोकना ताण जास्त असतो, आणि मी सगळं ओझं मागे लादलेलं. तेव्हा माझं सामान एकोणीस किलो होतं. त्यात इस्त्री होती. प्रवासी इस्त्री, छोटी, पण इस्त्रीच. आता नऊ किलोच्या वर जात नाही.

माझ्याकडे जादा स्पोक होते, चांगले चार. पण उजव्या बाजूचा स्पोक घालायचा तर आधी गिअरची चाकं काढावी लागतात. त्यासाठी लागणारा पाना घरी, कराडला, मशिनच्या खणात. वर आणखी एक: मी आणलेले चारही स्पोक डाव्या बाजूच्या मापाचे. मागच्या चाकात दोन्ही बाजूंची मापं वेगळी असतात, एक-दोन मिलिमीटरचाच फरक, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कपड्यात मी एवढा फरक सोडून देते.

मागचा ब्रेक उघडून ठेवला आणि सायकल ढकलत एका फाट्यावर पोचलो. तिथे पत्र्याची टपरी, बाहेर लटकवलेले टायर, आणि आत सत्तरीचे एक काका स्टोव्हवर ट्यूब चिकटवत बसलेले. मी तुटका स्पोक दाखवला. त्यांनी चाक हातात घेऊन फिरवलं.

“ह्या फ्रीला माझा पाना लागायचा नाय, ताई.” फ्री म्हणजे मागची गिअरची चाकं.

“मग? दापोलीला मिळेल का कुणी?”

“मिळंल. पण फ्री काढायची कशाला?”

त्यांनी जुन्या काळ्या सायकलीचा एक स्पोक काढला. ते चाक मोठं, त्यामुळे स्पोकही लांब. जाडी चिमटीत धरून बघितली, तीच. पक्कडीने स्पोकचं डोकं उडवलं. उरलेल्या टोकाला दोन वळणं दिली, पहिलं एका बाजूला, दुसरं उलट, इंग्रजी झेडसारखं. ते टोक हबाच्या भोकात तिरकं घातलं, स्पोक सरळ केला, आणि तो आपला आतून अडकून बसला. डोकं नाही, त्यामुळे गिअरच्या चाकांमागून ओवायची भानगडच नाही. खालून निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारी छोटी चाकी, चढवलं. मग चाक सायकलला लावून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला बसले. खडूचा तुकडा रिमजवळ धरायचा, जिथे पांढरं लागेल तिथे रिम त्या बाजूला आलेली. त्या बाजूचे स्पोक पाव फेरी सैल, समोरच्या बाजूचे पाव फेरी घट्ट. पावच, अर्धी नाही. मी विचारलं अर्धी का नको, तर म्हणाले, “तुम्ही कापड एकदम कापता का?”

भाचीने त्यांना कसं कळलं म्हणून विचारलं. माझ्या टेपचं टोक खिशातून लोंबत होतं.

त्यांनी तीस रुपये घेतले. मी शंभर दिले तर सत्तर परत केले आणि वर म्हणाले, गावाला गेल्यावर नीट स्पोक घालून घ्या, हा कायमचा नव्हे. तो स्पोक केळशीपर्यंत गेला, परत आला, धोपाव्याच्या बोटीत बसला आणि कुंभार्ली चढला. कराडात नीट स्पोक घालून घेतला, आणि पुढच्या वर्षी चाकच बदलून छत्तीस स्पोकचं केलं.

आता माझ्या सायकलच्या फ्रेमला, चेनच्या बाजूच्या नळीवर, टेपने तीन स्पोक चिकटवलेले असतात. एक डाव्या मापाचा, एक उजव्या. तिसरा लांब आहे, त्याचं डोकं मी घरीच कापलंय आणि दोन वळणं देऊन ठेवलीत. पहिल्या दोन खेपांना वळण चुकलं. तिसऱ्यांदा बसलं.