तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही मी त्याच मंडळीत का जाते

“ताई, एवढं झालं तरी तुम्ही अजून तिथेच, त्याच चर्चमध्ये जाता?” असं आमच्या मंडळीबद्दल मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एकांचं म्हणणं, तुम्हाला सचोटीची एवढी चाड होती तर केव्हाच बाहेर पडायला हवं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं, मंडळीवर जीव होता तर मुकाट्याने हिशेबावर सही करायची होती. दोघांना वेगवेगळं सांगून मी थकले, म्हणून हे एकदाच लिहिते.

झालं काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. विधवा भगिनींसाठी मंडळीत वेगळा निधी होता, देणाऱ्यांनी पाकिटावर तसं लिहून दिलेला. हिशेब तपासायचं काम माझ्याकडे होतं. तो पैसा उपासनागृहाच्या गळक्या छताला लागला. कुणीही तो घरी नेला नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आले आहे; माझी बाजू घेऊन भांडणाऱ्यांनीही कृपा करून ते विसरू नये. पण वहीत छताचा खर्च दाखवलाच नव्हता. पैसा विधवांना वाटला, असं लिहिलं होतं.

वाटपाची यादी माझ्यासमोर होती. नाव, रक्कम, सही. त्यातल्या एक आजी उपासनेला माझ्या पुढच्याच बाकावर बसतात. गीतांचं पुस्तक हातात धरतात, पण गीतं पाठ म्हणतात, कारण त्यांना अक्षर येत नाही. कुठेही अंगठाच देतात. यादीत त्यांच्या नावापुढे वळणदार सही होती, खाली ऐटीत रेघ ओढलेली. छताचं गणित मी एक वेळ समजून घेतलं असतं. त्या रेघेपुढे मात्र माझा हात थांबला.

आधी मी एकटीच खजिनदारदादांकडे गेले. भावाचा अपराध एकांतात त्याला दाखव, असं बायबलातल्या मत्तयच्या १८व्या अध्यायात आहे, म्हणून. ते म्हणाले, “पावसाचं पाणी त्या बायांच्याच डोक्यावर पडत होतं ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. मी एवढंच म्हटलं, की मग तसं लिहा, देणाऱ्यांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. त्यांना ते अपमानाचं वाटलं.

मग कमिटीची सभा. मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे पुढारी, यांनी बायबल उघडलं आणि ‘२ राजे’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायातलं १५वं वचन वाचलं: मंदिराच्या डागडुजीचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ती माणसं प्रामाणिकपणे वागत. वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्याच अध्यायातलं १०वं वचनही वाचा. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून तो मोजत. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही सगळं चोख असावं, म्हणून. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात त्याने हे स्वतः लिहिलं आहे. पौलाला हे कमीपणाचं वाटलं नाही, मग आपल्याला का वाटावं?

कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, आपण प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. आणि ज्यांच्याबरोबर मी कित्येक वर्षं गुडघे टेकले, त्या खजिनदारदादांनीच प्रार्थना धरली. आवाज कापत होता. “प्रभू, आमच्या भगिनीचं मन कठीण झालंय, ते मऊ कर.” त्यात ढोंग नव्हतं. ते खरोखर माझ्यासाठी रडत होते. आपल्या समोर बसून कुणी देवापुढे आपलं गाऱ्हाणं मांडावं, तेही मायेने, आणि आपण डोळे मिटून ऐकावं! भांडता येत नाही, उठता येत नाही. शेवटी सगळे “आमेन” म्हणाले, आणि मीही म्हणाले. ते “आमेन” कशाला होतं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मन खरंच कठीण झालं असेल तर मऊ व्हावं, असं मला वाटत होतं. सही करायची नाही, हेही तितकंच पक्कं होतं. अहवालात शेरा लिहूनच मी तो दिला.

पुढे त्या भगिनींना रक्कम थोडी थोडी करून मिळाली. यादी खोटी होती, असं मात्र कमिटीने कधी म्हटलं नाही. तपासणीचं काम माझ्याकडून गेलं.

आता तुमचा प्रश्न. दुसरी एखादी मंडळी मला मिळाली नसती का? मिळाली असती. तरुणपणी मीच म्हणायचे, जिथे खोटं चालतं तिथे राहणं म्हणजे त्यात सामील होणं. त्या वयातल्या मला मी आज खोडून काढू शकत नाही. तिचं बोलणं काही रविवारी फार खरं वाटतं. पण मी बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याकडे पाहते. यरुशलेमेबद्दल जे कुणाला ऐकायचं नव्हतं ते त्याने सांगितलं, म्हणून सिद्कीया राजाने त्याला अटकेत ठेवलं. बाहेर बाबेलच्या सैन्याचा वेढा होता. अशा वेळी त्याने अनाथोथचं शेत १७ शेकेल चांदी तोलून देऊन विकत घेतलं आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितलं. नगर पडल्यावर, हवं तर बाबेलास चल, तुझी काळजी घेतो, असं त्याला सांगण्यात आलं. तो उरलेल्या लोकांमध्येच राहिला. खरं बोलणं आणि तिथेच राहणं ही त्याच्या लेखी दोन कामं नव्हतीच. मी संदेष्टी नाही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी मी जो शब्द दिला तो या लोकांदेखत दिला, आणि स्तोत्र १५ मधला माणूस तोटा सोसूनही दिलेला शब्द पाळतो.

याला कुणी भित्रेपणा म्हणतं. असेलही थोडा. इतकी वर्षं ज्या बाकावर बसले तो सोडायची भीती वाटते, हे नाकारत नाही. पण नुसती भीती असती तर सही करणं किती सोपं होतं!

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचं, विचाराल तर तिथे मी अडते. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी समेट कर, असं येशूने सांगितलं. मी दादांच्या घरी गेले. ते दारापर्यंत आले, आत ये म्हणाले नाहीत. पाळक म्हणतात, तुम्ही तुमच्याकडून गेलात, पुरे. मला पुरे वाटत नाही. मी पुन्हा जाणार आहे. शेऱ्याबद्दल तेव्हाही माफी मागणार नाही. मग आलीस कशाला, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, हे अजून सुचलेलं नाही.