तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आकु नो हाना’ माझ्या कपाटात का आहे

दरवर्षी नवी बॅच सुरू झाली की कुणाची तरी आई किंवा बाबा माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी थांबतात. किशोरवयीन मुलीचा तो चेहरा असलेलं पुस्तक ओढून काढतात, चार पानं चाळतात आणि विचारतात, “मॅडम, जपानी शिकवायला हे असलं कशाला लागतं? या वयात मुलं आधीच घुमी होतात. हे वाचून आणखी बिघडायची नाहीत का?” मी दारात उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि ते अपुरं राहतं. परवा तुम्ही विचारलंत तेव्हाही तसंच झालं. तुमच्या आवाजात काळजी होती, राग नव्हता. म्हणून आज नीट बसून लिहिते आहे.

पुस्तकाचं नाव ‘आकु नो हाना’, म्हणजे दुष्टतेची फुलं. लेखक-चित्रकार ओशिमी शूझो. 2009 साली कोदान्शा या जपानी प्रकाशनसंस्थेचं ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझिन’ हे मासिक सुरू झालं, त्याच्या पहिल्याच अंकापासून ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, छापायला लागली. तुमचा मुलगा ज्या ‘अटॅक ऑन टायटन’चा टी-शर्ट घालून येतो, तीसुद्धा त्याच अंकात सुरू झाली. 2014 मध्ये अकराव्या खंडाबरोबर ‘आकु नो हाना’ संपली. हिच्यात राक्षस नाहीत की तलवारी नाहीत. डोंगरांनी वेढलेलं एक छोटं शहर आहे आणि त्यातला शाळेचा एक वर्ग.

हे शहर म्हणजे लेखकाचं स्वतःचं गाव, गुन्मा प्रांतातलं किर्यू. रेशमी कापडाच्या मागांचं गाव. पश्चिमेला निशिजिन (क्योटोतला विणकरांचा भाग) आणि पूर्वेला किर्यू, असं जपानी लोक म्हणतात. मी इचलकरंजीची. मागांच्या खटखटीत झोपणं आणि त्याच खटखटीत जाग येणं मला ठाऊक आहे. बाहेरच्या कुणाला आपल्या गावाचं नाव सांगितलं की तो “हां, कापड” म्हणून मोकळा होतो, हेही ठाऊक आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून तिथे काही लपवायचं झालं तर ते फार खोल लपवावं लागतं.

कासुगा ताकाओ हा तिथला शाळकरी मुलगा. तो बोदलेअर हा फ्रेंच कवी वाचतो. ‘दुष्टतेची फुलं’ हे मूळ नाव बोदलेअरच्याच कवितासंग्रहाचं. 1857 मध्ये तो निघाला तेव्हा फ्रेंच न्यायालयाने कवीला 300 फ्रँक दंड केला आणि सहा कविता काढून टाकायला लावल्या. तो निकाल रद्द व्हायला 1949 साल उजाडलं. असं पुस्तक आपण वाचतो म्हणजे आपण या गावातल्या बाकीच्यांसारखे नाही, असं कासुगाला वाटतं. वर्गातली साएकी त्याला आवडते, लांबून, देवीसारखी. एका संध्याकाळी रिकाम्या वर्गात तिच्या खेळाच्या कपड्यांची पिशवी त्याच्या हाताला लागते, कसलीतरी चाहूल येते, आणि तो पिशवी घेऊन पळत सुटतो. परत ठेवू, असं त्याच्या मनात असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात बोभाटा झालेला असतो. चोरी झाली, चोर कोण? आता पिशवी परत करणं म्हणजे कबुली देणं. तो गप्प राहतो.

इथे मला पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं.

मी आठवीत असताना माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीकडे एक दोनशे पानी वही होती. तपकिरी कव्हर घातलेली. त्यात तिने उतरवून घेतलेल्या कविता होत्या आणि मध्ये मध्ये स्वतःच्या चार-दोन ओळी. त्या ती कुणाला दाखवत नसे. एका दुपारी ती वही माझ्या दप्तरात आली. रात्री वाचायची आणि सकाळी तिच्या बाकात सारायची, एवढाच विचार होता. सकाळी मी पोचले तेव्हा ती रडत होती आणि बाई दप्तरं तपासायला लागल्या होत्या. वही माझ्या घरी होती. शेवटच्या बाकावरच्या एका मुलावर नेहमीच आळ यायचा. त्या दिवशीही आला आणि त्याने छड्या खाल्ल्या. मी बघत होते. आठ दिवस वही गादीखाली होती. नवव्या दिवशी पहाटे आईच्या आधी उठले, बंब पेटवला आणि एकेक पान फाडून आत घातलं. त्या पाण्याने घरातल्या सगळ्यांनी अंघोळ केली. हे मी त्यानंतर वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, लग्न झाल्यावर नवऱ्यालाही नाही.

माझी चोरी कुणी पाहिली नाही. कासुगाची पाहिली जाते. मागच्या बाकावरची नाकामुरा, शिक्षकांना तोंडावर शिव्या देणारी आणि सगळ्यांनी वाळीत टाकलेली, त्याला गाठते आणि सांगते की मला माहीत आहे. गप्प राहण्याच्या बदल्यात तो तिचं ऐकेल, असा करार होतो. जगातल्या सगळ्यांसाठी तिच्याकडे एकच शब्द आहे, ‘कुसोमुशी’. वर्गात कुणी त्याचा अर्थ विचारला तर मी ‘शेणकिडा’ सांगते, पण तो पुरत नाही. शेणकिडा बिचारा शेतात आपलं काम करत असतो. कुसोमुशीत नुसती किळस आहे.

नाकामुरा क्रूर आहे. साएकीबरोबर तो पहिल्यांदा फिरायला जातो तेव्हा चोरलेले कपडे त्याने शर्टाच्या आत घालावेत असं ती फर्मावते, आणि वरून त्याच्यावर बादलीभर पाणी ओतते. तरीही तो पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जातो. मोठी माणसं वाचताना इथे वैतागतात. हा मुलगा पळून का जात नाही, आईला का सांगत नाही? मला ते लगेच कळलं. सगळ्या गावात कासुगाला खराखुरा ओळखणारं एकच माणूस आहे, आणि ती नाकामुरा आहे. आई प्रेम करते ते चांगल्या कासुगावर. साएकीला आवडतो तोही चांगला कासुगा. ज्याला आपलं गुपित ठाऊक आहे तो छळत असला, तरी त्या वयात तोच एक आपला वाटायला लागतो. मुलं चुकीच्या संगतीला का चिकटतात, यावर मी बरंच काही वाचलं आहे. हे इतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

मग एका रात्री दोघं शाळेत शिरतात आणि वर्गाची नासधूस करतात. कासुगा आपली चोरी स्वतःच्या हाताने लिहितो. शाई, रंग, उलटीपालटी बाकं आणि जमिनीवर एक प्रचंड फूल. त्या पानांवर शब्द जवळजवळ नाहीत. कबुली देताना इतकं हलकं वाटतं हे मला त्या चित्रांवरून कळलं, आणि मी रडले.

डोंगराच्या वाटेवर, पावसात, नाकामुरा आणि साएकी दोघीही त्याला कोण हवं ते विचारतात. त्याला निवडता येत नाही. तो सांगतो की मी पोकळ आहे, ते पुस्तकसुद्धा मला कळलेलं नाही, वेगळं दिसावं म्हणून ते मी मिरवत होतो. ओशिमींनी स्वतः शाळकरी वयात बोदलेअर वाचला होता. ही मांगा त्यांनी पौगंडावस्थेने छळलेल्या मुलामुलींना, आणि पूर्वी कधीतरी तसं छळलं गेलेल्या मोठ्या माणसांनाही अर्पण केली आहे. त्यांची दुसरी एक छोटी मांगा नाव सांगताना अडखळणाऱ्या मुलीची आहे. ती त्यांच्या स्वतःच्या अडखळण्यातून आली आणि तिच्या कथेत तोतरेपणा हा शब्द त्यांनी मुद्दाम येऊ दिलेला नाही. असा माणूस मुलांना भेदरवण्यासाठी लिहीत नसतो.

तुमची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. गोष्ट पुढे फार काळी होते. उन्हाळ्यातल्या उत्सवाच्या रात्री दोघं भर गर्दीत मचाणावर चढतात, अंगावर रॉकेल ओतून घेतात आणि मरायला निघतात. शेवटच्या क्षणी नाकामुरा त्याला खाली ढकलून देते आणि तिलाही अडवलं जातं. काही पानं तर अशी आहेत की आठवी-नववीच्या मुलाने ती एकट्याने वाचू नयेत असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच ही पुस्तकं वरच्या फळीवर असतात. अकरावीच्या आत मी ती देत नाही आणि घरी विचारल्याशिवाय कुणालाच देत नाही.

पण पुष्कळ लेखक त्या उत्सवाच्या रात्रीच थांबले असते. ओशिमी थांबले नाहीत. कुटुंब गाव सोडतं, कासुगा दुसरीकडे हायस्कूलला जातो. तिथे तो भुतासारखा वावरतो, वाचत नाही, बोलत नाही. मग एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तोकिवा नावाची मुलगी दिसते आणि तिच्या हातात तेच पुस्तक असतं. ती चोरून कादंबरी लिहिते आहे. तो ती वाचतो आणि कधीतरी धीर करून आपलं सगळं तिला सांगतो. हे सगळं संथ आहे. चित्रंही बदलतात. सुरुवातीच्या गुळगुळीत चेहऱ्यांवर बारीक रेघांच्या सावल्या येतात, डोळे खऱ्या माणसांचे होतात. तरुण वाचक मला सांगतात की हा भाग कंटाळवाणा आहे. मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो, कारण नुसतं जगत राहायला किती बळ लागतं ते त्यात आहे.

शेवटी कासुगा आणि तोकिवा समुद्रकाठच्या एका गावात नाकामुराला भेटायला जातात. ती आईच्या खाणावळीत काम करते आहे. किनाऱ्यावर झोंबाझोंबी होते, तिघंही पाण्यात भिजतात. निरोप घेताना ती त्याला बजावते की पुन्हा येऊ नकोस, आणि हाक मारते ‘फुत्सू निंगेन’. साधा माणूस. कुसोमुशी हा शब्द तिच्या तोंडी नसतो. शेवटचं प्रकरण आपल्याला पुन्हा पहिल्या दिवसांत नेतं, आता नाकामुराच्या नजरेतून. तिला माणसं कशी दिसत होती ते पाहिलं की सगळे खंड परत पहिल्यापासून वाचावेसे वाटतात.

तुमच्या मुलाने हे पुस्तक अजून मागितलेलं नाही. दोन वर्षांनी मागेल असं वाटतं, कारण तो मधल्या सुट्टीत कपाटासमोर उभा राहतो. त्याआधी तुम्ही वाचा. माझ्याकडे इंग्रजी संचही आहे, पहिला खंड पिशवीत घालून ठेवला आहे, शनिवारी न्या. आणि एक गोष्ट मी सगळ्यांच्याच बाबतीत पाळते. उत्सवाची रात्र ज्या खंडात आहे तो मी कुणालाच सुटा देत नाही. त्याला पुढचा खंड रबर बँडने बांधलेला असतो.