आमची वाटचाल : पाच लांडगे, एक नांगर आणि चुकलेली निळी ढाल

आमचं दुकान सावंतवाडीत आहे. वडील लाकडी फळं आणि खेळणी विकायचे. माल चितारआळीतून यायचा, गिऱ्हाईक गोव्याला जाता-येता थांबायचं. भिंतीवर लावायची कुलचिन्हं, म्हणजे युरोपातल्या घराण्यांची ढालीवर रंगवलेली चिन्हं, करायची असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. गोव्यातल्या बार्देशातले एक गृहस्थ एका जुन्या पोर्तुगीज पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स घेऊन आले आणि म्हणाले, हे लाकडात कोरून, रंगवून द्याल का? वडील कुणाला नाही म्हणत नसत.

ढालीच्या त्या चित्रात बारीक उभ्या रेघा होत्या. आमच्या मेस्त्रींनी त्या एकेक करून कोरल्या, आठ दिवस घालवले आणि वर झकास निळा रंग दिला. महिन्याभराने गृहस्थांच्या लिस्बनमधल्या नातेवाइकांचा फोन आला. रेघा कोरायच्या नसतातच, म्हणाले, रेघा म्हणजे रंग. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्रीच्या 1638 च्या पुस्तकापासून ही खूण युरोपभर रूढ झाली. छपाई काळ्या शाईत व्हायची, मग रंग कळणार कसे? म्हणून उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. आम्ही तांबडी ढाल निळी करून, वर रेघाही कोरून दिल्या होत्या! मेस्त्रींचं म्हणणं सरळ होतं, "रेघो दिसल्यो म्हणान कोरल्यो. तेंका रंग आसता ह्या माका काय ठावक!"

नवी ढाल फुकट करून दिली. निळी अजून गल्ल्यामागे टांगलेली आहे.

त्या चुकीमुळे मी अभ्यासाला लागलो. सर्वांत उपयोगी पडली ती एक गोष्ट : कुलचिन्हात चित्रापेक्षा वर्णनाला मान असतो. 'रुपेरी ढालीवर पाच काळे लांडगे' एवढं लिहिलेलं असतं. लांडगा कसा काढायचा ते कारागिराने ठरवावं. हे कळल्यावर आमची भीड चेपली. सुरुवातीचे आमचे सिंह गंजिफाच्या पत्त्यांतल्या नृसिंहासारखे दिसायचे, मोठे डोळे आणि वळलेल्या मिशा. लोकांना तेच आवडले, म्हणून बदलले नाहीत. नियम मात्र पाळतो. सोनेरीवर रुपेरी ठेवायचं नाही, तांबड्या-निळ्यासारख्या रंगावर तसाच दुसरा रंग ठेवायचा नाही, कारण हे चिन्ह मुळात रणांगणात लांबून ओळखू यावं यासाठी होतं. आणि 'उजवी बाजू' म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. सिंहाचं तोंड तिकडे हवं. ट्रेसिंग पेपर उलटा पडला की सगळं मुसळ केरात.

खरी अडचण पुढे आली. लोबो आडनावाचे एकजण आले, त्यांना लोबोंचे पाच लांडगे हवे होते. पोर्तुगीजमध्ये लोबो म्हणजे लांडगाच. तसंच फिगैरेदोंच्या ढालीवर अंजिराची पानं. मेनेझिसांची जुनी ढाल तर नुसती सोनेरी, त्यावर काहीच नाही (आमच्यासाठी सर्वांत सोपी आणि वर्खामुळे सर्वांत महाग). पण गोव्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांना ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली, कधी पाद्रीचं, कधी धर्मपित्याचं नाव. आडनाव मिळालं म्हणून ढाल मिळाली असं होत नाही. ज्यांना राजाकडून खरोखर मिळाली अशी घराणीही गोव्यात आहेत. कांदोळीचे पिंटो त्यांतलेच, ज्यांच्या नावाने पोर्तुगीज सत्तेविरुद्धचं 1787 चं बंड ओळखलं जातं. आणि राजाने दिलेलं राजा काढूनही घेतो. पोर्तुगालमधल्या सिंत्राच्या राजवाड्यात एका दालनाच्या छतावर 72 घराण्यांची चिन्हं आहेत. तावोरा घराण्यातल्यांना 1759 मध्ये देहदंड झाला आणि तिथलं त्यांचं चिन्ह खोडून टाकलं गेलं.

मग लोबोंना काय सांगायचं? मी खरं ते सांगितलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, लांडगे छान दिसतात, करा. तेव्हापासून प्रत्येक ढालीच्या पाठीमागे आम्ही लिहितो : 'या आडनावाच्या पोर्तुगीज घराण्याचं चिन्ह'. 'आपल्या घराण्याचं' असं लिहीत नाही. कागद दाखवला तरच लिहितो. या एका ओळीपायी बऱ्याच ऑर्डरी गेल्या. भेटवस्तूंचा एक मोठा व्यापारी तर म्हणाला, पाठ कोण बघतो?

आपल्याकडची मंडळीही येऊ लागली. 'आमच्या देशमुखांचं शिवकालीन ढालचिन्ह करा.' आता शिवकाळात मुद्रा होत्या, निशाणं होती, पण ही युरोपीय धाटणीची ढाल नव्हती. संस्थानिकांच्या ज्या ढाली आपण बघतो, त्यांतल्या कितीतरी 1877 च्या दिल्ली दरबारात दिलेल्या झेंड्यांसाठी रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आखल्या. गायकवाडांचं 'जीन घर जीन तख्त' वाचायला रुबाबदार आहे खरं, पण ते बडोद्याचं.

अशाच एका गिऱ्हाइकाने घरातल्या जुन्या महजराची, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदाची, प्रत आणली, आणि मला आमचा दुसरा माल सापडला. खाली सह्यांच्या जागी निशाण्या होत्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार. प्रत्येकाची खूण म्हणजे त्याचं औजार. मला ते कुठल्याही सिंहापेक्षा देखणं वाटलं. आता आम्ही या निशाण्या शिवणीच्या लाकडाच्या फळीवर कोरतो, रंग न देता, नुसतं तेल लावून. पहिल्या वर्षी फक्त चार गेल्या. हल्ली ढालींपेक्षा त्याच जास्त जातात. नांगराला मागणी सगळ्यांत जास्त. आरसा मागायला अजून दोघेच आले. त्यातल्या एकाने सलूनमध्ये लावायला घेतला आणि फोटोही पाठवला.

लाकडाचं सांगायचं तर खेळण्यांचा पांगारा ढालीला चालला नाही, हलका असला तरी पोखरला जायचा. म्हणून शिवण, ती पण निदान एक उन्हाळा वाळवलेली. सोनेरी पावडर कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांत काळी पडते, म्हणून खरा वर्ख. त्याने किंमत वाढते, त्याला इलाज नाही. वर्खाखालचा चिकट लेप पावसाळ्यात नीट सुकत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर ते काम बंद ठेवतो. ऑर्डर तेवढी घेतो, ढाल दिवाळीला.